तोक्योतल्या निशी-कासाईतलं कोपऱ्यावरचं रामेन : आठ महिन्यांचा अनुभव, मुख्यतः थंड वाडग्याबद्दल

परवा सकाळी साडेअकराला, दुकान उघडल्या उघडल्या घेतलेलं शोयू (सोया सॉसचं) रामेन अर्धं संपायच्या आत कोमट झालं. 900 येन मोजायचे आणि कोमट सूप प्यायचं हे पटत नाही, म्हणून लिहायला बसलो. दुकानाचं नाव देत नाही. नऊ खुर्च्यांचं काउंटर, आत दोन माणसं, दाराशी तिकीट मशीन, अशी दुकानं तोक्योत जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर आहेत. त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. सूप कोंबडीच्या हाडांचं आणि निबोशीचं. निबोशी म्हणजे उकडून सुकवलेले बारीक मासे, कोकणातल्या सुक्या मांदेलीच्या अगदी जवळचे. इथे त्यांची डोकी आणि पोट काढून टाकतात हे चवीवरूनच कळतं, तळाशी कडवटपणा राहत नाही. सूप खळखळा उकळत नाहीत, मंद आचेवर ठेवतात, म्हणून ते आरपार दिसतं. वाडग्यात आधी शोयूचा तारे (खारट अर्क), मग चमचाभर सुगंधी तेल, त्यावर सूप, मग नूडल्स. नूडल्स घातल्यावर काड्यांनी उचलून एकदा घडी घालतात, ती घडी इथे कधी चुकत नाही. आजिताम, म्हणजे मुरवलेलं अंडं, 130 येनला आहे. पिवळं मधासारखं दाट, वाहत नाही आणि कोरडंही नाही. एवढं जमणाऱ्याला वाडगा गरम करणं जमू नये, याचंच वाईट वाटतं.

वाडगा एवढा महत्त्वाचा का? रिकामा वाडगा साधारण 700 ग्रॅमचा, सूप 300 मिली. चिनीमातीची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे तो वाडगा 140 मिली गार पाण्याइतका आहे. फेब्रुवारीत फळीवरून उचललेला 15 अंशांचा वाडगा आणि 93 अंशांचं सूप एका तापमानाला आले तर सूपचे पंचवीसेक अंश जातात. नूडल्स उकळत्या पाण्यातून येतात म्हणून थोडं सावरतं. पण तारे खोलीच्या तापमानाचा, वर फ्रिजमधून काढलेले चाशूचे (शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे) दोन काप. सूप निवलं की मीठ जास्त जाणवतं, चरबी ओठांना चिकटते आणि निबोशीचा वास हवाहवासा न राहता नुसता मासळीचा होतो.

इथे मत बदलावं लागलं तेही सांगतो. पहिले दोन महिने मी दोष नूडल्सना देत होतो. शेवटी शेवटी मऊ पडतात, म्हणजे जास्त उकळत असणार असा समज. तसं नव्हतं. घड्याळ प्रत्येक जाळीला लावलेलं असतं आणि मालक वाजल्याबरोबर जाळी उचलतो. पाणी झटकणंही नीट, दोन जोरदार झटके. पाणी राहिलं तर सूप पातळ होतं. कान्सुई (नूडल्सच्या पिठात घालायचं क्षारयुक्त पाणी) बेताचं, चावायला लवचीक. नूडल्स मऊ पडतात कारण चव उतरलेल्या सूपात खाणारा रेंगाळतो, आणि रेंगाळलं की कुठलीही नूडल फुगते. पहिल्या घासापासून सात-आठ मिनिटांत संपवायचा हा पदार्थ आहे.

दुसरा समज होता की गर्दी नसताना गेलं की जास्त काळजीने करतात. तेही उलटंच निघालं. साडेअकराला वाडगे फळीवरचे, रात्रभर गार झालेले. साडेबारानंतर वाडगे कमी पडायला लागतात, भांडी धुवायच्या मशीनमधून निघालेले थेट काउंटरवर येतात आणि हाताला चटका बसेल इतके गरम असतात. तेच सूप, तीच नूडल्स, आणि शेवटच्या घोटापर्यंत वाफ. म्हणजे गर्दीत रांगेत उभं राहणाऱ्याला चांगलं रामेन, आणि आधी येणाऱ्याला कोमट. उपाय फुकटचा आहे: नूडल्सच्या पातेल्यातलं डावभर उकळतं पाणी वाडग्यात अर्धा मिनिट ठेवायचं आणि ओतून टाकायचं. कित्येक दुकानं हेच करतात, किंवा वाडगे पातेल्याच्या कडेवर उपडे घालून ठेवतात.

फार उशिरा मात्र जाऊ नका. दोन वाजेपर्यंत नूडल्सचं पाणी पांढुरकं, पेजेसारखं होतं. त्यात पिठी आणि क्षार साचतात, नूडल्सवर बुळबुळीत थर येतो आणि सूपही गढूळ होतं. इथे पाणी दुपारच्या पाळीत बदलताना दिसलेलं नाही. पाऊण ते दीड ही वेळ उत्तम.

तिकीट मशीनची कटकट वेगळी. 3 जुलै 2024 ला नव्या नोटा आल्या. कितासातो शिबासाबुरोंची हजाराची नोट हे मशीन घेत नाही, 2021 चं 500 येनचं नवं नाणंही परत टाकतं. नवं मशीन छोट्या दुकानाला महाग पडतं, हे मान्य. पण नोट बदलून द्यायला मालक हात धुऊन बाहेर येतो आणि तेवढ्यात कुणाचा तरी भरलेला वाडगा काउंटरवर निवत बसतो. शंभराची नाणी खिशात ठेवा. आधी पैसे, मग बटण. डावीकडचं सर्वांत वरचं बटण बहुधा दुकानाच्या खास पदार्थाचं असतं. दुपारी नूडल्स दीडपट, त्याच किमतीत. तिकीट देतानाच ‘ओओमोरी’ म्हणायचं, नंतर चालत नाही. सूप मात्र तेवढंच येतं, त्यामुळे भूक खरंच मोठी असेल तरच घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी: यासाई रामेन म्हणजे भाज्या घातलेलं रामेन, सूप तेच हाडांचं. ‘चाशू नुकी’ म्हटलं की डुकराचे काप काढतात, पण सूपात कोंबडी, मासे राहतात आणि वरच्या तेलातही चरबी असते. इथे शाकाहारी काहीच नाही, पाणी सोडून. मीठ जपणाऱ्यांनी सूप पूर्ण पिऊ नये. एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं आणि अर्ध्याहून जास्त सूपातच राहतं.

गर्दीच्या आधीच जायची वेळ आली तर तिकीट देताना ‘सूपु आत्सुमे दे’ म्हणा, म्हणजे सूप जरा जास्त गरम. मालक ‘हाय’ (हो) म्हणतो आणि सूप छोट्या पातेलीत उकळी येईपर्यंत तापवून घालतो. वाडगा तरीही थंडच असतो, पण मधली दोन-तीन मिनिटं मिळतात. समोर आल्या आल्या चाशूचे काप काड्यांनी नूडल्सखाली दाबा, म्हणजे तेही तापतात. खुर्ची आतल्या टोकाची घ्या, दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर प्रत्येक गिऱ्हाइकागणिक वारा येतो.