भिंतीला भोक न पाडता एक्स्टेंशन बोर्ड: टेप, टाय, चुंबक की क्लॅम्प?

गॅरेज भाड्याचं असेल तर घरमालक भिंतीला ड्रिल लावू देत नाही. स्वतःचं असलं तरी जुन्या भिंतीत वायरिंग नेमकं कुठून गेलंय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मग एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर लोळतो, त्यात भुसा जातो आणि पावसाळ्यात शटरखालून पाणी आलं की जीव खाली-वर होतो.

बोर्ड वर टांगायचा, पण कशाने? बोर्डाचं वजन फार नसतं, त्यामुळे ते बघून काही ठरवू नका. खरा ताण येतो प्लग उपसताना. नव्या बोर्डातली सॉकेटं घट्ट असतात. तीन पिनांचा प्लग एका हाताने ओढा, बोर्डही त्याच्यामागे येतो. हा हिसका जे सोसेल तेच कामाचं.

डबल टेप स्वस्त, पण तिचं यश भिंतीवर अवलंबून. चुना किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप सुटत नाही, रंगच पोपड्यासकट सुटतो. ओल धरणाऱ्या भिंतीचं तर नावच नको. टाइल, सनमायका किंवा लोखंडी कपाट असेल तर व्हीएचबी जातीची, म्हणजे फोमची, खूप घट्ट धरणारी जाड टेप घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप दाबून बसवा आणि घाई करू नका: तिची पूर्ण पकड यायला सुमारे 72 तास लागतात. दोन टोकांना दोन तुकडे लावून भागवू नका. शेवटच्या सॉकेटचा प्लग ओढला की टेप कोपऱ्यातून उचलली जाते आणि एकदा कोपरा सुटला की बाकीची सोलत जाते. बोर्डाच्या पूर्ण लांबीला लावा. काढताना हेअर ड्रायरने गरम करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढायचा. वेल्क्रोची पट्टी प्लग ओढताना हलते, चार्जरपुरती ठीक.

भोकांच्या अँगलचं लोखंडी रॅक असेल तर केबल टायसारखं, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीसारखं, सोपं काही नाही. भोकं आयतीच असतात. दोन्ही टोकांना एकेक टाय, तोही बोर्डाच्या अंगावरून. स्विचवरून किंवा वायरवरून आवळू नका. अँगलची कड धारदार असते, वायर तिच्यावर घासणार नाही एवढं बघा. बोर्ड काढायचा झाला तर टाय कापावा लागतो, पण तो खर्च किरकोळ.

चुंबक दिसायला सगळ्यात झकास. नुसत्या चुंबकाची सरळ ओढायची ताकद पाकिटावर छापलेली असते, घसरण्याविरुद्धची पकड त्याहून बरीच कमी, म्हणून रबर चढवलेले घ्या. पण तुमच्याकडे ग्राइंडर चालत असेल तर चुंबक नकोच. लोखंडाचा कीस चुंबकाभोवती दाढीसारखा जमतो आणि सॉकेटच्या तोंडाशी लोखंडाचा कीस कुणालाच नको. फक्त लाकूडकाम करणाऱ्याने खुशाल वापरावेत.

माझं मत क्लॅम्पला. बऱ्याच बोर्डांच्या पाठीला स्क्रूत अडकवायच्या खाचा असतात. बोर्डापेक्षा वीतभर लांब लाकडी पट्टी घ्या, खाचांच्या अंतरावर तिच्यात दोन स्क्रू मारा, बोर्ड अडकवा आणि पट्टीची दोन्ही टोकं सी-क्लॅम्पने (स्क्रू फिरवून आवळायचा, इंग्रजी C च्या आकाराचा शिकंजा) टेबलाच्या कडेला आवळा. भोकं पट्टीत पडतात, भिंत शाबूत. टेबल सरकवलं तर बोर्डही सोबत जातो. चौघांत खर्च मात्र जास्त, कारण दोन बरे क्लॅम्प कायमचे अडकून पडतात, आणि सुतारकाम करणाऱ्याला क्लॅम्प कधी पुरत नाहीत. अडकवलेला बोर्ड प्लगसोबत वर उचलला जात असेल तर त्यावरून एक टाय आवळून टाका.

पद्धत कुठलीही असो, सॉकेटांची तोंडं आकाशाकडे ठेवू नका. आडवी, समोर बघणारी ठेवा, धूळ आत बसत नाही. आणि बोर्ड 6 अँपिअरचा असेल तर 230 व्होल्टवर त्याची मर्यादा 1,380 वॅटच्या आसपास येते. ड्रिल किंवा चार इंची ग्राइंडर, एका वेळी एकच, त्यात बसतो. हीट गन, 14 इंची कटर किंवा दोन एचपीचा कॉम्प्रेसर त्यावर लावू नका. त्यांचा प्लग थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटात.