रॅप मुलांना द्यायचं कसं: गाळून की सोबत बसून?

नागपुरात धरमपेठ असो की मानेवाडा, पोरांच्या कानात रॅप पोहोचलंच आहे.

एक मार्ग ‘क्लीन’, म्हणजे शिव्या गाळलेल्या गाण्यांचा. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर ‘एक्स्प्लिसिट’, म्हणजे शिवराळ किंवा अश्लील गाणी बंद करता येतात. सात-आठ वर्षांच्या लेकरासाठी हे ठीकच. पण शिवी गेली तरी बायकांबद्दलचा तुच्छ सूर तसाच राहतो, आणि मोठी पोरं रिकामी जागा बरोबर भरतात.

दुसरा मार्ग सोबत ऐकण्याचा. वय दहा-बारा झालं की मी ठामपणे याच बाजूची. यात वेळ जातो, गाणं आधी आपण ऐकावं लागतं. पण मग हे संगीत जिथून सुरू झालं त्या, १९७३ सालच्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स वस्तीची गोष्ट सांगता येते: डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तालाचा तुकडा लांबवायचा, पोरं त्यावर नाचायची. रॅपर केंड्रिक लामारला २०१८ मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, हेही सांगा. शिवाय दीक्षाभूमीवर भीमगीतं ऐकलेल्या नागपूरच्या पोराला रॅपमधला अन्यायाविरुद्धचा सूर परका नाही, बोलणं तिथूनच सुरू करा. खटकणारी ओळ आली की गाणं थांबवा, “हे तुला कसं वाटलं?” विचारा, आणि उत्तर मधे न तोडता ऐका.