फेट सिम्युलेशन्स: नववीच्या वर्गात वर्षभर वापरल्यावर

शाळेत विज्ञान शिकवताय, एक प्रोजेक्टर आहे आणि नेटच्या नावाने बोंब आहे, तर हे तुमच्यासाठी. फेट (PhET) म्हणजे पडद्यावर स्वतः हाताळून बघायचे प्रयोग, म्हणजेच सिम्युलेशन्स; हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा (बोल्डरचं) प्रकल्प, 2002 मध्ये नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. भौतिक, रसायन, गणित सगळं आहे, ब्राउझरमध्ये फुकट. मोबाईल ॲप विकत आहे, त्याच्या नादी लागू नका.

मला खरा फायदा झाला तो हा की नवीन सिम्युलेशन्स एकेका फाईलमध्ये उतरवून घेता येतात, म्हणजे घरी डाउनलोड करायचं, पेनड्राइव्हवर टाकायचं, शाळेच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक आणि चालू, लॉगिन वगैरे भानगडच नाही. पुस्तकातले क्यूआर कोड चांगलेच आहेत हो, पण त्यातला व्हिडिओ बघायला वर्गात रेंज नको का?

सगळ्यात जास्त वापरलं ते सर्किटवालं, धाराविद्युतच्या धड्याला. बॅटरी, बल्ब, वायर ओढून जोडायच्या, इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात आणि शॉर्ट केलं की बॅटरीला आग! पहिली तासिका पोरं फक्त आगच लावतात, लावू द्या. मग एकसर जोडणीतला एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल ते आधी वहीत लिहून घ्यायचं आणि नंतरच काढायचा, नाहीतर ते नुसतं कार्टून बघणं होतं. इलेक्ट्रॉनची दिशा आणि पुस्तकातला धारेचा बाण उलटे का, हे फळ्यावर सांगून घसा बसायचा, इथे एका क्लिकवर दोन्ही दिसतं. जोडायच्या वस्तूंत एक कुत्रापण आहे, तो सुवाहक की दुर्वाहक यावर वर्गात तुफान भांडण झालं 😄

खटकलेलं एकच, आकडे फार गोंडस येतात. पडद्यावर ओहमचा नियम तंतोतंत, आणि खऱ्या टॉर्चच्या बल्बची तार तापली की रोध वाढतो, आलेख वाकतो, मग पोरं म्हणतात सर आपला अॅमीटर बिघडलाय. म्हणून खरं साहित्य कपाटात टाकू नका, दोन्ही एकाच तासिकेला घ्या, आणि "आता प्रयोगशाळेला खर्च कशाला" असं वरून कोणाला सुचायच्या आत घ्या.

मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे, सगळ्या सिम्युलेशन्सचं नाही, आधी स्वतः उघडून बघा. जुनी, जावा या संगणकभाषेत केलेली मोबाईलवर चालत नाहीत. अपूर्णांकाचं आमच्या गणिताच्या मॅडम सहावीला वापरतात, त्यांना विचारून खाली टाकतो.