सहा पंक्चर, एक कट आणि गाडीपेक्षा सात वर्षांनी मोठा टायर

पुणे-कोल्हापूर रस्त्यावर मला साडेचार हजारांची टोपी घातली गेली, त्याची ही हकीकत. रक्कम फार मोठी नाही. पण पैसे देऊन जो टायर घेतला, त्याच्यावर बसून आम्ही पुढचे शंभरेक किलोमीटर गेलो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आधी एक सांगते. मी अकरा वर्षं गाडी चालवतेय. दोनदा स्वतःच्या हाताने चाक बदललंय. जॅक चढवायच्या आधी नट सैल करून घ्यायचे असतात, हे मला कुणी सांगावं लागत नाही. 'बाई दिसली म्हणून फसवलं' असं म्हणणाऱ्यांसाठी: त्याच रस्त्यावर माझे दीरही असेच फसलेत आणि त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे.

सप्टेंबर २०२४. कोल्हापूरला मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. गाडीत मी आणि बाबा. बाबांचं वय ७६, मांडीवर मोसंब्यांची पिशवी. खंबाटकी चढून उतरलो, सातारा मागे टाकलं, एका टपरीवर चहाला वीसेक मिनिटं थांबलो. तिथून निघून पाच-सात किलोमीटर झाले असतील. सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने जागोजागी रस्ता वळवलेला आणि खडी पसरलेली. एवढ्यात एक मोटरसायकल शेजारी आली. मागे बसलेला पोरगा माझ्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून ओरडत होता, "मॅडम, टायर बसलाय!"

खरंच बसला होता. गाडी डावीकडे कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले. डाव्या बाजूचं मागचं चाक, टायर अर्ध्यावर आलेला, खाचेत खिळ्याचं डोकं चमकत होतं. तो खिळा खडीतून लागला की टपरीपाशी कुणी लावला, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून म्हणतही नाही. मोटरसायकलवाले मात्र पुढे न जाता तिथेच थांबले होते.

बाबांनी भावाला पाठवायला चाकाचा एक फोटो काढला. 'बघ, कुठे अडकलोय' एवढ्याचसाठी. हा फोटो लक्षात ठेवा.

मी डिकी उघडली, बॅगा रस्त्यावर काढल्या, स्टेपनीवर अंगठा दाबला. मऊ. घरच्या उशीसारखी. गाडी २०२२ च्या दिवाळीत घेतली, तेव्हापासून त्या बिचारीला कुणी हवा दाखवलीच नव्हती. स्टेपनी हा शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरचा. १९०४ च्या सुमारास तिथे मोटारीसाठी जादा चाकं बनायला लागली. तिकडे आता हा शब्द कुणी वापरत नाही, आपण वापरतो. वापरतो म्हणजे फक्त तोंडाने.

"पुढं तीनशे मीटरवर दुकान आहे, माणूस आणतो," म्हणत मोटरसायकल गेलीसुद्धा. पाच मिनिटांत दुसरा एक पोरगा जॅक घेऊन हजर. बाबा खिडकीतून म्हणाले, "अगं, त्याला म्हणावं स्टेपनीत हवा भरून आण. वीस रुपयांचं काम."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा हो गप्प."

पोरगाही लगेच म्हणाला, "स्टेपनी आतनं सुकलीय काका, रिस्क घेऊ नका." दोन वर्षांची, एकदाही रस्त्याला न लागलेली स्टेपनी! त्या क्षणी मला हे खटकायला हवं होतं. पण अकराचा मुहूर्त होता, बाजूने ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते आणि कुणीतरी काम हातात घेतलंय याचंच हायसं वाटत होतं. त्याने चाक काढलं, मोटरसायकलवर आडवं टाकलं आणि नेलं. गाडी जॅकवर, बाबा आता बाहेर दगडावर बसलेले, त्यांना सोडून मी चाकामागे कशी जाणार? माझी फसवणूक इथेच झाली, पुढचं सगळं नाटक होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी तो परत आला. "मॅडम, तुम्हीच येऊन बघा. नंतर म्हणाल आम्ही खोटं सांगितलं." गेले. पत्र्याचं खोपटं, पुढे 'पंक्चर' लिहिलेला टायर, पाण्याची लोखंडी टाकी. त्याने चाक पाण्यात फिरवलं. एका जागी बुडबुडे. खडूने खूण. थोडं फिरवलं, पुन्हा बुडबुडे. अशा सहा खुणा. मग त्याने टायर कुशीवर वळवला आणि हवेच्या वॉल्वपासून चार बोटांवर, टायरच्या बाजूला, अंगठ्याएवढा कट दाखवला. "साइडला कट गेला की पंक्चर निघत नाही. घाटात फुटला तर काका आहेत बरोबर."

साइडचा कट दुरुस्त होत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. चांगला ठग नेहमी असंच एक खरं वाक्य मध्यभागी ठेवतो.

माझ्या मापाचा, १६५/८० आर १४, टायर त्याच्याकडे तयारच होता. काळाकुळकुळीत, हाताला तेलकट लागणारा. किंमत ४,८०० रुपये, जुन्याचे ५०० वजा, फिटिंग-बॅलन्सिंगचे २०० वर. एकूण ४,५००. बिल मागितलं तर "मशीन बंद आहे." बॅलन्सिंगचं मशीन तर कुठे दिसतही नव्हतं, आणि त्याचे पैसे मी दिले. यूपीआयवर जे नाव आलं ते एका बाईचं होतं. चाक बसलं, मी गाडी सोडली. जुना टायर, म्हणजे माझा टायर, तिथेच राहिला.

साठच्या वर गेलं की सीट थरथरायची. पुढचं चाक बिघडलं तर स्टेअरिंग हातात नाचतं, मागचं बिघडलं तर बुडाखाली कळतं. बाबा म्हणाले, "नवीन टायर आहे ना गं?" मी उत्तर दिलं नाही. पन्नासने गेलो. बारशाला पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि घुगऱ्याही संपत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात भाच्याच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे गेले. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, पाना लावायच्या आधी नटांना नुसता हात लावून पाहिला. चारातला एक नट बोटांनी फिरला. माझे पाय गार पडले. मग तो चाकाच्या आतल्या बाजूला वाकला, कपड्याने टायर पुसला. कपडा काळा झाला आणि खालून करडा, बारीक भेगाळलेला रबर दिसला. उन्हात पडलेल्या चपलेसारखा.

"ताई, हा कुणाकडनं घेतलाय? हे वाचा."

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. तिथे होतं १११५. २०१५ सालचा अकरावा आठवडा. गाडीपेक्षा टायर सात वर्षांनी मोठा! हे चार आकडे पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असतात. त्या पोराने ती बाजू मुद्दाम आत घालून टायर बसवला होता. बाहेरून कितीही निरखलं असतं तरी मला तारीख दिसली नसती.

मग मी भावाला म्हटलं, तो फोटो पाठव. मोठा करून पाहिला. वॉल्व बरोब्बर वर आलेला. त्याच्यापासून चार बोटांवर टायरची बाजू स्वच्छ, कोरी. कट नव्हताच. कट खोपट्यात गेल्यावर ब्लेडने झाला. आणि तारखेची बाजू बाहेरच होती: ३१२२. माझा टायर जेमतेम दोन वर्षांचा होता.

सहा पंक्चरांचं कोडं त्या टायरवाल्याने हसत हसत सोडवलं. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर बहुधा तो आतच रुतून राहतो आणि हवा हळूहळू जाते. खरं पंक्चर असेल तर तिथून खिळा, तार, काच, काहीतरी पकडीत येतं, नाहीतर भोकाच्या कडा मळलेल्या असतात. दाभणाने पाडलेलं भोक कोरं असतं आणि बुडबुडे जोरात येतात. "सहा ठिकाणी भोकं असती तर तुम्ही चहाच्या टपरीतनं बाहेरच पडला नसता," तो म्हणाला. माझं खरं पंक्चर एकच होतं. चिकट पट्टी कोंबून दहा मिनिटांत, शे-दीडशे रुपयांत निघालं असतं.

त्याच्याकडून नवा टायर घेतला, बिलासकट. आधी आकडे वाचले, मग पैसे दिले. तो १११५ वाला पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून त्याला तिथेच चिरून टाकायला सांगितला.

आता माझ्या डिकीत हवा भरायचं छोटं मशीन असतं, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारं. तेवढं एक त्या दिवशी असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. अर्धा बसलेला टायर भरून, खिळा न काढता, हळूहळू माझ्या पसंतीच्या दुकानापर्यंत गेले असते. खिळा उपसायचा नाही, तोच बुचाचं काम करत असतो. पंपावर गेलं की चार चाकांनंतर 'पाचवं पण' असं म्हणायची सवय लावून घेतलीय. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंपावरचा पोरगा 'पस्तीस टाकू?' विचारतो तेव्हा त्याला तो दाखवायचा. चाक नजरेआड जाऊ द्यायचं नाही, आणि जाणारच असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढायचे, वॉल्व दिसेल असे. पंक्चर मोजून पैसे मागणाऱ्याकडे प्रत्येक भोकातून निघालेला खिळा मागायचा. जुना टायर सोडायचा नाही, पाचशे रुपये गेले तरी चालतील, कारण पुरावा म्हणून तेवढाच असतो. आणि कुणीही आपणहून मदतीला आलं की आधी १०३३ लावायचा. हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नंबर चोवीस तास चालू असतो. गस्तीची गाडी, क्रेन मिळू शकते. हे मला ठाऊक होतं. टोल नाक्यांवर पाटी वाचलीही होती. त्या पाऊण तासात एकदाही आठवलं नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल विचारलं, दुकानाचं नाव विचारलं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, फक्त एका अनोळखी बाईच्या नावावर गेलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट.

परतताना बाबा नको नको म्हणत असताना मी पुढून वळसा घेऊन त्या खोपट्यापाशी गेलेच. ती पोरं नव्हती. एक म्हातारेसे गृहस्थ बाजेवर बसून तंबाखू मळत होते. "ती पोरं होय? गेली गावाकडं." मागे टायरांचा ढीग होता. तो मी तीनदा फिरून पाहिला, आकडे वाचत. १८१४, ४०१७, ०९१६. माझा नव्हता. शेवटी मोबाइलवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"चांगला टायर हाय की, ताई," ते म्हणाले. "ह्यो काढला कशाला?"