ठाण्यातील हेलिकॉप्टर ग्राउंड क्लास: आधी वजनकाटा, मग पावती

मे २०२४ मध्ये मी ठाणे पश्चिमेला, राम मारुती रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका वैमानिक प्रशिक्षण वर्गात चौकशीसाठी गेलो, तेव्हा कार्यालयातील मॅडमनी माहितीपत्रक हातात देण्याआधी मला बूट न काढता वजनकाट्यावर उभे राहायला सांगितले. काट्याने ११४ किलो दाखवले. मॅडमनी तो आकडा अर्जाच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि म्हणाल्या, "फीचं नंतर बोलू, आधी सरांना भेटून घ्या." त्याआधी मी मुंबईत आणि नवी मुंबईत मिळून तीन ठिकाणी चौकशी केली होती, आणि तिन्ही ठिकाणी माझ्यासमोर सर्वांत आधी आला तो हप्त्यांचा तक्ता. मला हेलिकॉप्टर चालवायचे आहे, हे मी तिथेही स्पष्ट सांगितले होते. पण माझे वजन किती, असे कोणीही विचारले नव्हते. हा परिचय सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारण हेच आहे.

वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही लिहिली आहे आणि ती अद्याप मिटलेली नाही. सेवेचे स्वरूप असे: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, घेत असलेल्या व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी इथे शनिवार-रविवारी करून घेतात, आणि प्रत्यक्ष उड्डाणासाठी परदेशातील एका प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळवून देण्याचे कामही करतात. ग्राउंड क्लासची, म्हणजे या लेखी तयारीची, फी २ लाख ७५ हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३ लाख २४ हजार ५०० रुपये, तीन हप्त्यांत घेतली. उड्डाणाचा खर्च यात धरलेला नाही, आणि खरा खर्च तोच आहे.

सर स्वतः अनेक वर्षे हेलिकॉप्टर चालवून निवृत्त झालेले आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर जो हिशेब मांडला, तो हेलिकॉप्टर शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःच्या आकड्यांनिशी मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते. प्रशिक्षणासाठी जगभर मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर आहे. उड्डाण करताना त्याचे एकूण वजन जास्तीत जास्त ६२२ किलो असू शकते, आणि प्रत्येक आसनावर, आसनाखालच्या सामानासह, १०९ किलोची मर्यादा आहे. ११४ किलोचा माणूस त्या आसनावर नियमाने बसूच शकत नाही. तिथे कुणाच्या ओळखीचा किंवा प्रशिक्षकाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. मी चाचरत म्हणालो की सकाळी उपाशीपोटी घरच्या काट्यावर ११२ भरतात. सर म्हणाले, "बूट, कपडे, हेडसेट, सगळ्यासकट जे भरेल ते तुमचं वजन. घरचा सकाळचा आकडा विसरून जा."

१०९ च्या खाली आल्यावरही हिशेब संपत नाही, उलट तिथून तो सुरू होतो. रिकाम्या आर-२२ चे वजन साधारण ४०० किलो धरले, तर दोन माणसे आणि इंधन मिळून २२२ किलो उरतात. मी कपड्यांसह १०६ किलो आणि प्रशिक्षक ८० किलो असेल, तर इंधनाला ३६ किलो, म्हणजे सुमारे ५० लिटर जागा राहते. तासाला ३३ लिटरच्या आसपास इंधन लागते आणि वीस मिनिटांचा साठा राखून ठेवावा लागतो, हे धरले तर हाती जेमतेम सव्वा तास उरतो. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाऊन परत यायचा धडा एवढ्या इंधनात नीट होत नाही. शिवाय इंधनाची टाकी गुरुत्वमध्याच्या, म्हणजे हेलिकॉप्टरचे सारे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते त्याच्या, मागे असल्यामुळे इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आणि पुढच्या आसनांवर माणसे जड असतील तर उड्डाणाच्या शेवटी तो मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता असते. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर काय स्थिती असेल, हे इंजिन सुरू करण्याआधीच काढून पाहावे लागते. हा सारा भाग सरांनी वर्गात नंतर माझ्याच वजनावर शिकवला. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण त्यांनी स्वतःचे वजन घालूनही तेच गणित फळ्यावर मांडले.

वजन उतरत नसेल तर रॉबिन्सनचेच चार आसनी आर-४४ हा मार्ग असतो; त्याच्या आसनाची मर्यादा १३६ किलो आहे. मात्र मला मिळालेल्या दरपत्रकात प्रशिक्षकासह आर-२२ चा तास ३४० डॉलरला आणि आर-४४ चा ५८० डॉलरला होता. भारतात हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी १५० तासांचे उड्डाण लागते. त्यातील २० तास कोणत्याही परिस्थितीत आर-४४ वर करायचे ठरले होते. उरलेल्या १३० तासांचा फरक ३१ हजार २०० डॉलर, म्हणजे सुमारे २७ लाख रुपये. वजन आणि फी या दोन वेगळ्या अडचणी आहेत असे मी तोवर समजत होतो. त्या कागदावर त्या एकाच रकान्यात आल्या.

वजन उतरवण्याच्या बाबतीत मी सुरुवातीला घोडचूक केली. जिममधल्या कुणीतरी सुचवलेली, पाण्यात कालवून पिण्याची पावडर दोन्ही जेवणांऐवजी घेऊ लागलो. सात आठवड्यांत नऊ किलो उतरले, आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी तलावपाळीला तिसरी फेरी मारताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी कठड्यावर बसलो. आईला सांगितले नाही, पण सरांना सांगितले. त्यांनी त्याच दिवशी मला वर्गाशी संबंधित डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली आणि एक गोष्ट बजावली: वजन उतरवण्याचे कोणतेही औषध, गोळी किंवा इंजेक्शन विमानोड्डाणाच्या वैद्यकीय परीक्षकाला विचारल्याशिवाय सुरू करायचे नाही, आणि घेतलेले औषध तपासणीत लपवायचेही नाही. त्यानंतर मी आहारतज्ज्ञांकडे गेलो. रात्रीचा भात थांबवला, दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची किंवा मटकीची उसळ, ताक आणि कोशिंबीर असा साधा क्रम लावला, आणि आठवड्यातून तीन दिवस उपवनपासून येऊरच्या चढाने पाटोणापाड्याकडे चालू लागलो. गुडघे सुजत होते तोवर धावलो नाही. महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन उतरत गेले; मध्ये दिवाळीत आणि मावसभावाच्या लग्नात ते थांबलेही. हा वेग पाहून मी अनेकदा निराश झालो, पण उतरलेले किलो पुन्हा चढले नाहीत.

वैद्यकीय तपासणीबाबत वर्गाचा सल्ला चोख आहे. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची तपासणी झाल्याशिवाय ते उड्डाणाच्या पैशांचा विषय काढत नाहीत, आणि प्रथम श्रेणीची, म्हणजे अधिक काटेकोर, तपासणी झाल्याशिवाय परदेशातील संस्थेला पैसे पाठवू देत नाहीत. लठ्ठपणाबरोबर रक्तदाब, साखर आणि झोपेतील श्वासाचे विकार येतात, आणि त्यांतील कोणतीही गोष्ट तपासणीत अडकवू शकते. माझा रक्तदाब ११४ किलोला काठावर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०१ किलोला तो व्यवस्थित आला.

शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. हवामानशास्त्र आणि हवाई नियम हे विषय उत्तम शिकवतात. दिक्शोधन (नेव्हिगेशन) शिकवणारे शिक्षक मधेच बदलले आणि महिनाभर नुसते प्रश्नसंच सोडवून घेतले गेले. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. माझे विषय दोन फेऱ्यांत सुटले. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही, वाहन लावायला जागा नाही. स्थानकावरून चालत येणे उत्तम.

आता पैशांच्या त्या भागाकडे येतो, जिथे या वर्गाने मला निराश केले. सर जेवढे सावध, तेवढाच प्रवेशाचे काम पाहणारा समुपदेशक उतावीळ. अमेरिकेतील संस्थेने संपूर्ण रक्कम एकदम भरल्यास आठ टक्के सवलत देऊ केली होती, आणि ती घ्यावी म्हणून तो दर आठवड्याला फोन करत असे. व्हिसासाठी संपूर्ण अभ्यासक्रमाचे पैसे दाखवावेच लागतात, मग भरून मोकळे का होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. पैसे असल्याचा पुरावा दाखवणे आणि पैसे देऊन टाकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण संस्था एका रात्रीत बंद पडली, तेव्हा कर्ज काढून सुमारे ७० हजार डॉलर आधीच भरलेले शेकडो विद्यार्थी परवान्याविना आणि कर्जासह उरले. हे वाचले असल्यामुळे मी नकारावर ठाम राहिलो. शेवटी सरांनी मध्यस्थी केली आणि संस्थेने २० तासांच्या टप्प्याने पैसे घेण्याचे मान्य केले. पहिला टप्पा २० तासांचाच का, यालाही कारण आहे: अमेरिकेच्या नियमांनुसार आर-२२ मध्ये एकट्याने उड्डाण करण्याआधी प्रशिक्षकासोबत किमान २० तास पूर्ण करावे लागतात. म्हणजे दोन माणसांच्या वजनाची खरी कसोटी लागते ती याच तासांत. टप्प्याने पैसे देण्यात सवलत गेली, पण मध्येच वजन वाढले किंवा प्रकृती बिघडली तर बुडणारी रक्कम एका टप्प्यापुरती राहते. हा मार्ग वर्गाने स्वतःहून सांगायला हवा होता.

कर्जाबाबतही असेच. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे आई-बाबांचे चरईतील घर. बाबा पहिल्या दिवसापासून कागद द्यायला तयार होते. मीच त्यांना सांगितले की काट्यावर ९५ दिसल्याशिवाय घराचे कागद बँकेत जाणार नाहीत, आणि तो शब्द मी पाळला; सप्टेंबर २०२५ मध्ये ९५ दिसले, ऑक्टोबरमध्ये आम्ही बँकेत गेलो. अभ्यासक्रमाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच असते, हे समुपदेशकाने सांगितले नाही, बँकेतील ताईंनी सांगितले. कर्ज जितके उशिरा उचलले तितके ते व्याज कमी, एवढा फायदा माझ्या संथ वजनामुळे झाला.

तक्रार अशी आहे. ऑगस्टमध्ये चक्कर आल्यानंतर डॉक्टरांच्याच सल्ल्याने मी माझी तुकडी जानेवारी २०२५ वर ढकलली. त्यासाठी १८ हजार रुपये पुनर्प्रवेश शुल्क घेतले गेले. प्रवेशाच्या अर्जावर या शुल्काचा उल्लेख कुठेही नव्हता. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'तुकडी बदलल्यास शुल्क लागू' एवढेच छापलेले होते. ज्या वर्गात वजनकाटा दारातच ठेवलेला आहे, आणि जिथे आलेल्या माणसाला आधी वजन उतरवायला सांगितले जाते, तिथे वजनासाठी लागणारा वेळ हा दंडाचा विषय होऊ नये. मी लेखी पत्र देऊन रक्कम परत मागितली आहे.

नोकरीबद्दलही इथे अधिक स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. भिंतीवर समुद्रातील तेलफलाटावर उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचे मोठे छायाचित्र आहे, आणि जुहूहून तशी उड्डाणे होतात हे खरेच आहे. परंतु तिथे दोन इंजिनांची यंत्रे आणि बराच अनुभव असलेले वैमानिक लागतात, त्यांत सैन्यदलांतून आलेले अनेक असतात. १५० तासांच्या नवख्या वैमानिकाला भारतात लगेच काम मिळणे कठीण आहे. सर हे वर्गात सांगतात, पण तोवर पहिला हप्ता भरलेला असतो. माझे वय ३१, हाताशी अभियंत्याची नोकरी आहे, आणि काम मिळायला दोन-तीन वर्षे लागतील असे धरूनच मी निघालो आहे. बारावीनंतर थेट येणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

डिसेंबर २०२५ मधील शेवटच्या शनिवारी मी त्याच काट्यावर बूट, जॅकेट आणि हेडसेटसह उभा राहिलो. ९३ किलो. सरांनी कोरा भारपत्रक-नमुना काढला, त्यात माझे ९३, प्रशिक्षकाचे ८० आणि रिकाम्या यंत्राचे ४०० लिहिले, आणि इंधनाच्या रकान्यात मला स्वतः आकडा भरायला लावला: ४९ किलो, ६८ लिटर. पहिल्या २० तासांचे पैसे मी त्यानंतरच्या सोमवारी पाठवले.

ज्याला हेलिकॉप्टरच शिकायचे आहे आणि वजन हीच ज्याची अडचण आहे, त्याने या वर्गात जरूर जावे, सरांना भेटावे, आणि तुकडी पुढे ढकलण्याची अट व टप्प्याने पैसे देण्याची मुभा अर्जावरच लिहून घ्यावी. पाचपैकी साडेतीन तारे देतो आहे. १८ हजारांच्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही. ते आले की इथेच नोंद करीन.