टोरंटोच्या निवाऱ्यांची रोजची फाइल: पाचपैकी चार तारे

ठाण्याला बँकेत कॅशियर होते, त्यामुळे हिशेब जुळल्याशिवाय चैन पडत नाही. आता मुलाकडे टोरंटोतल्या स्कारबरोला असते आणि बेघरांच्या एका निवाऱ्यात रात्रीच्या जेवणाला हातभार लावते. तिथला रोजचा प्रश्न एकच: किती माणसांचं करायचं? मुलाने टोरंटो शहराच्या ओपन डेटा पोर्टलवरची, म्हणजे सगळ्यांसाठी खुले आकडे ठेवणाऱ्या वेबसाइटवरची, फाइल दाखवली. फुकट आहे, नाव-पत्ता काही द्यावं लागत नाही.

पहाटे 4 वाजता शहराच्या निवारा-यंत्रणेत जी नोंद असते, ती रोज इथे येते. या स्वरूपातले आकडे 2021 पासूनचे आहेत. पुरुषांचे, महिलांचे, तरुणांचे, कुटुंबांचे निवारे, हॉटेलांत केलेली सोय, कडाक्याच्या थंडीत उघडणारी वॉर्मिंग सेंटर्स, सगळ्यांच्या ओळी वेगळ्या.

मला भावलं ते हे, की पैसे किती खाटांसाठी मंजूर आणि त्या रात्री वापरात किती, हे दोन्ही आकडे दिलेत. समजा 60 मंजूर, त्यातल्या 5 दुरुस्तीसाठी किंवा ढेकणांच्या फवारणीसाठी बंद. उरलेल्या 55 भरल्या की टक्केवारी 100! तेवढीच वाचणारा म्हणेल, नवी इमारत शोधा. शेजारचा ‘बंद खाटा’चा रकाना म्हणतो, आधी सुतार बोलवा. हा रकाना ठेवणाऱ्याला माझा नमस्कार.

कुटुंबांकडे आलं की जपून वाचा. तिथे खाटा नाही, खोल्या मोजतात. चौघांच्या खोलीत आई आणि एक मूल असलं तरी खोली भरलेलीच. रास्तच आहे, परक्या माणसाला तिथे कोण घालणार? पण स्वयंपाकाला तो आकडा कुचकामी. मुक्कामाला असलेल्या माणसांचा रकाना वेगळा आहे, मी तोच धरते.

एक तारा कापला, कारण ज्याला जागाच मिळाली नाही तो माणूस या फाइलमध्ये नाही. फोन करूनही सोय न झालेल्यांचे आकडे सेंट्रल इनटेकच्या, म्हणजे निवाऱ्यासाठीचे फोन घेणाऱ्या शहराच्या सेवेच्या, दुसऱ्या फाइलमध्ये असतात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ‘98 टक्के भरलं’ याला काही अर्थ नाही. उरलेली खाट पुरुषांच्या निवाऱ्यात असेल आणि दारात बाई उभी असेल, तर ती खाट तिच्यासाठी नाहीच. आणि बागेत तंबू ठोकून राहिलेला, ज्याने फोनच केला नाही, तो दोन्हीकडे गायब.

फाइल मोठी आहे. मोबाइलवर उघडायच्या भानगडीत पडू नका, लॅपटॉपवर आधी तारखेची चाळणी लावा. आणि कुणाला आज रात्रीच जागा हवी असेल तर हे आकडे बघत बसू नका, ते कालचे असतात. सरळ शहराच्या 311 या नंबरवर फोन लावा आणि सेंट्रल इनटेक मागा.