सुवेझच्या शांतिसेनेच्या पदकाची प्रतिकृती : आधी फीत पाहा

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना-पदकाची प्रतिकृती विकत घ्यायची असेल, तर धातूच्या चकतीआधी फीत पाहावी. बहुतेक मोहिमांची चकती सारखीच असते: ब्राँझची, पुढे ऑलिव्हच्या डहाळ्यांमधला जगाचा नकाशा आणि 'यूएन' ही अक्षरे, मागे 'इन द सर्व्हिस ऑफ पीस'. सैनिक कोठे होता, हे फीत सांगते. सुवेझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला, त्या सुवेझ संकटानंतर १९५६ मध्ये इजिप्तमध्ये उतरलेल्या आणीबाणी सेनेच्या, म्हणजे 'युनेफ'च्या, पदकावर मात्र 'यूएन'ऐवजी 'यूएनईएफ' अशी चार अक्षरे आहेत, आणि खरेदीत घोळ होतो तो नेमका इथेच, कारण पुढे याच नावाची दुसरी सेनाही झाली.

माझे चुलत आजोबा भारतीय तुकडीबरोबर गाझापट्टीत होते. त्यांचे मूळ पदक घर बदलताना हरवले, म्हणून फ्रेममध्ये लावण्यासाठी मी एका ऑनलाइन दुकानातून मोठे पदक, छोटे पदक आणि रिबन बार (पदकाऐवजी गणवेशावर लावायची फितीची छोटी पट्टी) असा संच मागवला. दुकानाच्या यादीत 'युनेफ' एवढेच लिहिले होते. पहिल्या पार्सलमधल्या फितीच्या दोन्ही कडा निळ्या होत्या आणि मधला पट्टा वाळूच्या रंगाचा होता, म्हणजे ती १९७३ ते १९७९ या काळातील दुसऱ्या आणीबाणी सेनेची फीत होती. त्या मोहिमेत भारतीय तुकडी नव्हतीच, त्यामुळे भारतीय सैनिकाच्या छायाचित्राखाली ती लावणे म्हणजे शुद्ध विनोद झाला असता. १९५६ ते १९६७ या काळातील पहिल्या मोहिमेच्या फितीत मांडणी उलटी आहे: सिनाईच्या वाळवंटासाठी वाळूचा रंग दोन्ही बाजूंना, मध्ये रुंद आकाशी पट्टा, आणि कडांजवळ सुवेझ कालव्यासाठी गडद निळी व नाईलच्या खोऱ्यासाठी हिरवी अशा बारीक रेघा.

दुकानाने चूक मान्य केली व दुसरा संच पाठवला. परतीचे कुरिअर मात्र माझ्याच खर्चाने करावे लागले, हे मला पटले नाही. दुसऱ्या संचातली फीत बरोबर आहे. हिरवी रेघ जरा अधिक उठून दिसते आणि कृत्रिम धाग्याची चकाकी जाणवते, पण काचेमागे ती खुपत नाही. मोठ्या पदकावर चारही अक्षरे स्पष्ट उमटली आहेत. नकाशावरची वर्तुळे आणि डहाळ्यांची पाने मात्र साच्यात एकमेकांत मिसळली आहेत. चकती हातात हलकी लागते, कडेचा मुलामा एका जागी पिवळट आहे. छोट्या पदकावर तर भिंग घेऊनही अक्षरे लागत नाहीत. त्याचे पैसे वायाच गेले.

एवढ्या बारकाव्यांचा आग्रह धरण्याचे कारण म्हणजे ही संयुक्त राष्ट्रांची पहिली सशस्त्र शांतिसेना होती. सुरक्षा परिषदेत ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरल्यामुळे तिला महासभेच्या आणीबाणीच्या अधिवेशनात मंजुरी मिळाली, आणि अशा सेनेचा प्रस्ताव मांडणारे कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांना या कामगिरीसाठी १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. भारताचे पायदळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेथे होते. लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी व पुढे मेजर जनरल इंदरजित रिखी यांनी या सेनेचे नेतृत्वही केले. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले तेव्हा परतीच्या वाटेवर असलेले भारतीय जवान गाझात मारले गेले. तिथल्या युद्धस्मशानात या सेनेतील भारतीयांच्या कबरी आहेत. इतके मोल देऊन मिळालेल्या पदकाला भलतीच फीत जोडणाऱ्या विक्रेत्याला 'छोटीशी गफलत' म्हणून सोडून देणे मला जमत नाही.

फ्रेमसाठी मोठे पदक आणि रिबन बार घ्यायला हरकत नाही. संग्राहकांनी या वाटेला जाऊ नये. मागणी नोंदवताना '१९५६–६७, पदकावर यूएनईएफ अक्षरे' असे लिहून कळवावे आणि पैसे भरण्याआधी फितीचे छायाचित्र मागून घ्यावे.